निवारा केंद्रात राहणाऱ्यांचे कायदेशीर हक्क : बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शक

घर सोडावे लागलेल्या माणसाला पहिल्या रात्री कायदा आठवत नाही. अंग टेकायला जागा, पोराबाळांच्या पोटात दोन घास आणि जवळचे गाठोडे सकाळी जागेवर सापडेल एवढा भरवसा, इतकेच त्याला हवे असते. परंतु नेमक्या त्याच रात्री नोंदवहीत त्याची सही घेतली जाते, कागदपत्रे मागितली जातात, कधी दारातूनच परत पाठवले जाते. आणि पुढे भरपाई, शिधापत्रिका किंवा मुलांची शाळा असा कोणताही प्रश्न आला की त्या रात्रीच्या नोंदीवरच बोट ठेवले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील ज्या मराठी माणसांवर अशी वेळ प्रथमच आली आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांना हाताला धरून केंद्रापर्यंत नेणारे शेजारी, शिक्षक व गल्लीतील मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. निवारा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. १९९६ च्या चमेली सिंग खटल्यात न्यायालयाने निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे, तर पुरेशी जागा, प्रकाश, हवा, पाणी आणि स्वच्छता यांसह राहण्याची सोय, असा अर्थ लावला. केंद्राच्या दारात उभे असताना आपण मेहरबानी मागत नसून देणे असलेली गोष्ट मागत आहोत, एवढे भान असले तर नम्रपणे बोलूनही ठाम राहता येते.

पहिली पायरी : आपण कोणत्या छपराखाली आहोत ते ओळखणे

आपल्या भागात तीन वेगवेगळ्या ठिकाणांना लोक सरसकट ‘सरकारी निवारा’ म्हणतात. तिघांचे कायदे निराळे असल्यामुळे ही पायरी वगळू नये.

पहिले ठिकाण म्हणजे शहरातील बेघरांसाठी महानगरपालिका किंवा नगरपालिका चालवते ते केंद्र. कन्नड फलकावर ते बहुधा ‘वसतिरहितर आश्रय केंद्र’ अशा नावाने दिसते आणि त्याचे दैनंदिन व्यवस्थापन अनेकदा एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडे दिलेले असते. संस्था कोणतीही असो, जबाबदारी पालिकेचीच राहते. अन्नाच्या हक्काविषयीच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असे आदेश दिले की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा आणि तो वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास खुला असावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेनेही हेच प्रमाण स्वीकारले. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. या हिशेबाने शहरात किमान चार केंद्रे असायला हवीत. ‘जागा भरली, दुसरीकडे बघा’ असे उत्तर मिळाले तर ‘दुसरे केंद्र कोठे आहे ते लिहून द्या’ असे म्हणण्याचा आधार या प्रमाणातच आहे. योजनांची नावे आणि त्यांच्यासाठीचा निधी काळानुसार बदलतो. अनुच्छेद २१ आणि न्यायालयाचे आदेश मात्र योजनेबरोबर संपत नाहीत.

दुसरे ठिकाण म्हणजे पुराच्या वेळी उघडले जाणारे ‘काळजी केंद्र’. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय यांच्या काठावरील गावांना हे नाव नवे नाही. सरकारी शाळा, मंगल कार्यालय किंवा वसतिगृहात भरणारे हे केंद्र महसूल खात्याच्या म्हणजे तहसीलदारांच्या अखत्यारीत चालते आणि त्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ लागू होतो.

तिसरे ठिकाण ‘निराश्रितर परिहार केंद्र’. नावात निराश्रित असले तरी ते वरील दोन्हींपेक्षा मुळातच वेगळे आहे. कर्नाटक भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९७५ नुसार भीक मागताना पकडलेल्या व्यक्तीला तेथे नेले जाते, आणि चौकशीनंतर दीर्घ काळ ठेवून घेण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. शहरातील आश्रय केंद्रातून आपण आपल्या मर्जीने बाहेर पडू शकता, तेथून नाही. म्हणून बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकाबाहेर झोपलेल्या माणसाला कोणी गाडीत बसवून ‘केंद्रात’ नेत असेल, तर कोणत्या केंद्रात आणि कोणत्या कायद्याखाली, हे तेथेच विचारावे. बेघर असणे हा गुन्हा नाही. आपण भीक मागत नव्हतो, काम करतो किंवा कामाच्या शोधात आहोत, आश्रय केंद्राच्या नोंदवहीत आपले नाव आहे, हे स्पष्ट सांगावे. तरीही नेलेच तर ताब्यात घेण्याचे कारण जाणून घेण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क अनुच्छेद २२ देतो, आणि ताब्यातील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तेथे लागू असलेल्या भिक्षाविरोधी कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. तो निकाल कर्नाटकावर बंधनकारक नसला तरी आपल्या वकिलाला त्याचा दाखला नक्कीच देता येतो.

दुसरी पायरी : प्रवेश आणि नोंदवही

आधार कार्ड नाही, म्हणून प्रवेश नाही, हे कारण सर्वाधिक ऐकू येते. ते मान्य करू नये. निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी केंद्रात राहणाऱ्यांना ओळखपत्र, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन आणि बँक खाते मिळवून देण्याचे काम केंद्रावरच सोपवले आहे. ज्याच्याजवळ कागद नाहीत त्याला कागद मिळवून देणे हे ज्या ठिकाणाचे काम, तेथे कागदांवाचून दार बंद ठेवणे विसंगत ठरते. नाव, वय, मूळ गाव आणि सोबतची माणसे तोंडी सांगितली तरी नोंद होऊ शकते. चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून आलेल्या माणसाला ‘तुम्ही या राज्याचे नाही’ असे सांगितले जाण्याचीही शक्यता असते. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो, आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी कर्नाटकातील रहिवासी असण्याची अट घालणे त्याच्याशी सुसंगत नाही.

आता नोंदवहीविषयी थोडे सविस्तर. काळजीवाहकाच्या टेबलावर लांबट, आखीव वही असते. अनुक्रमांक, नाव, वय, कोठून आले, प्रवेशाची वेळ, सोबतचे सामान, सही, असे रकाने असतात आणि मजकूर बहुतेक वेळा कन्नडमध्ये असतो. आपले नाव कसे लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगावे, कारण आडनाव गळणे आणि ‘पाटील’चे नुसते ‘पाटिल’ होणे यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या चुका पुढे दाखल्यावर उतरतात आणि आधारशी जुळत नाहीत. सामानाच्या रकान्यात ‘एक पिशवी’ एवढेच न लिहू देता मोबाईल, रोख रक्कम, दागिना, महत्त्वाची कागदपत्रे असे वेगवेगळे लिहून घ्यावे. अनुक्रमांक स्वतःजवळ टिपून ठेवावा, शक्य असल्यास त्या पानाचा फोटो काढावा. एखाद्या छापील कागदावर सही मागितली आणि तो वाचता येत नसेल, तर सहीच्या वर मराठीत लिहावे : ‘मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचता आलेला नाही, तोंडी सांगितला त्याप्रमाणे सही करीत आहे.’ ही एक ओळ पुढच्या अनेक वादांत उपयोगी पडते. अंगठा उठवणाऱ्यानेही कोणाकडून तरी ती लिहून घ्यावी.

काही ठिकाणी कमावत्या माणसाकडून अल्प शुल्क घेतात. घेतले तर पावती मागावी. पावतीशिवायचे पैसे हे शुल्क नव्हे.

तिसरी पायरी : आत काय मिळाले पाहिजे

शहरातील आश्रय केंद्रासाठी योजनेने ठरवलेले मोजमाप असे आहे : माणशी किमान ५० चौरस फूट जागा, हवेशीर खोल्या, पिण्याचे पाणी, पुरेशी स्नानगृहे व स्वच्छतागृहे, दिवाबत्ती, आगीपासून संरक्षण, प्रथमोपचार पेटी, डासांचा बंदोबस्त, गाद्या व पांघरुणांची नियमित धुलाई, स्वयंपाकाची जागा आणि सामानासाठी लॉकर. काळजीवाहक पाळीपाळीने चोवीस तास हजर असावा. स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी, आणि वृद्ध, आजारी किंवा मानसिक आजार असलेल्यांसाठी स्वतंत्र सोय करण्याची अपेक्षाही त्यात आहे.

या यादीतील प्रत्येक गोष्टीसाठी भांडत बसणे शक्य नसते आणि शहाणपणाचेही नसते. माझ्या मते दोन गोष्टींवर मुळीच तडजोड करू नये : स्त्रियांच्या झोपण्याच्या जागेला आतून लागणारी कडी, आणि लॉकर. लॉकर नसेल तर लोक कागदपत्रे उशाखाली घेऊन झोपतात, ती चोरीला जातात किंवा भिजतात, आणि मग आधारपासून सगळे पुन्हा सुरू करावे लागते. चोरी झाल्यास पोलीस ठाण्यात प्राथमिक माहिती अहवाल नोंदवून घेण्याचा आणि त्याची प्रत मोफत मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने दिला आहे. गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला हे कारण सांगून नोंद नाकारता येत नाही.

जेवण प्रत्येक केंद्रात शिजतेच असे नाही. जेथे शिजत नाही तेथे इंदिरा कँटीन हा जवळचा आधार आहे. ही कँटीने २०१७ साली सुरू झाली तेव्हा न्याहारी ५ रुपये आणि जेवण १० रुपये असा दर होता.

जात, धर्म, भाषा किंवा आजार यांवरून वेगळी पंगत, वेगळी पाण्याची घागर किंवा वेगळा कोपरा लावला जात असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न राहत नाही. सरकारी पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणी जातिधर्मावरून आडकाठी करण्यास अनुच्छेद १५ मनाई करतो आणि अस्पृश्यता पाळणे अनुच्छेद १७ नुसार गुन्हा आहे. तृतीयपंथी व्यक्तींना भेदभावापासून २०१९ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे.

चौथी पायरी : पुराच्या वेळी काळजी केंद्रात

सीमाभागातील बहुसंख्य मराठी कुटुंबांचा निवारा केंद्राशी संबंध पुरामुळेच येतो, म्हणून येथे अधिक सविस्तर लिहितो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत जे सोसले त्यातून नदीकाठच्या गावांना पुष्कळ अनुभव आला आहे. मात्र कायद्याचे शब्द हाताशी नसल्यामुळे तो अनुभव तक्रारीत उतरत नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम १२ नुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदतीची किमान मानके ठरवली आहेत आणि कलम १९ नुसार राज्याची मानके त्याहून कमी असू शकत नाहीत. माणशी ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा. दररोज माणशी किमान ३ लिटर पिण्याचे पाणी. मोठ्यांना दिवसाला २,४०० आणि लहान मुलांना १,७०० उष्मांक मिळतील एवढे अन्न. ३० माणसांमागे एक शौचालय, तेही केंद्रापासून ५० मीटरच्या आत, स्त्रिया व मुलांसाठी स्वतंत्र. आणि स्वच्छतेसाठी माणशी किमान १५ लिटर पाणी. शाळेच्या एका वर्गखोलीत किती कुटुंबे ठेवली आहेत हे खोली पावलांनी मोजूनही सांगता येते. २० फूट बाय २० फुटांच्या खोलीत या मानकाने दहा-अकरा माणसे बसतात. तेथे तीस माणसे असतील तर तक्रारीत ‘फार गर्दी आहे’ असे न लिहिता खोलीचे माप आणि माणसांची संख्या लिहावी. आकडा दिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावेच लागते.

कलम ६१ तर पाठच असावे : आपद्ग्रस्तांना मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही.

केंद्रात जाताच कुटुंबातील प्रत्येकाचे नाव नोंदवावे. आपल्याकडे एक रीत पडली आहे : बायकामुले केंद्रात येतात आणि कर्ता माणूस जनावरांसाठी माळावर किंवा घराच्या माडीवर थांबतो. त्याचे नाव नोंदीतून सुटते आणि पुढे ‘कुटुंब केंद्रात नव्हतेच’ असा वाद निघतो. म्हणून तो कोठे व कशासाठी थांबला आहे हे नोंदवहीत लिहून घ्यावे आणि जनावरांची संख्याही सांगावी. चारा आणि गोठ्याची सोय करण्यासाठी महसूल खात्याला तो आकडा लागतो. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने घर आपल्या नावावर नाही म्हणून मागे राहू नये. घराच्या भिंतीची भरपाई मालकाला मिळते, परंतु वाहून गेलेले कपडे आणि भांडी ज्या कुटुंबाची होती, त्यासाठीची मदत त्या कुटुंबाची असते. मृत्यू झाल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार वारसांना ४ लाख रुपये सानुग्रह मदत देय आहे, आणि पतीचा मृत्यू झालेल्या स्त्रियांची स्वतंत्र नोंद ठेवून त्यांना दाखला देण्याची जबाबदारी प्रशासनावर आहे.

पाणी ओसरल्यावर पंचनामा हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. चिखल काढण्याच्या घाईत पुरावा धुतला जातो. घरात शिरताच, झाडू हातात घेण्यापूर्वी, चारही भिंतींवरील पाण्याच्या खुणेचे, पडलेल्या भागाचे आणि बाहेरून संपूर्ण घराचे फोटो काढावेत; एका फोटोत घराचा क्रमांक किंवा ओळखीची खूण येऊ द्यावी. तलाठी आणि अभियंता येतील तेव्हा घरातील वाचता येणारी व्यक्ती हजर ठेवावी. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटकाने पडझडीचे ए, बी आणि सी असे वर्ग केले आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले; ज्याचे घर ए ऐवजी सी वर्गात गेले त्याच्या मदतीत लाखोंचा फरक पडला. आपले घर कोणत्या वर्गात टाकले ते त्याच दिवशी विचारावे, आणि पटत नसेल तर काही दिवसांतच तहसीलदारांकडे फोटोंसह लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. नुकसान नाही ते आहे असे मात्र लिहू नये. खोटा दावा करणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्याच कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि एका खोट्या दाव्यामुळे अख्ख्या गल्लीचे पंचनामे संशयाखाली येतात.

शाळा सुरू करायची आहे म्हणून केंद्र रिकामे करा, असा निरोप पुरानंतर हमखास येतो. शाळा सुरू झालीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु घर राहण्याजोगे नसेल तर पर्यायी जागा दाखवण्याची मागणी लेखी करावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

पाचवी पायरी : राहत असतानाच कागद उभे करणे

केंद्रातील दिवस नुसते काढू नयेत. तेथे असतानाच जी कामे होतात ती बाहेर पडल्यावर अवघड होतात. आधार नोंदणीसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र चालते, म्हणून व्यवस्थापकाकडून ते पहिल्या आठवड्यातच मागावे. मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघर व्यक्तीला पत्त्याचा पुरावा लागत नाही : नमुना ६ मध्ये आपण जेथे झोपतो ते ठिकाण लिहायचे असते आणि मतदान केंद्र स्तरीय अधिकारी रात्री तेथे येऊन खात्री करतो. जात, उत्पन्न व रहिवास दाखल्यांसाठी आणि वृद्धापकाळ, विधवा व अपंग निवृत्तिवेतनासाठी नाडकचेरी, म्हणजे महसूल खात्याची स्थानिक कचेरी, गाठावी. रेशन कार्ड दुसऱ्या गावचे किंवा महाराष्ट्रातील असले तरी ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेखाली केंद्र सरकारच्या वाट्याचे धान्य येथील दुकानात मिळू शकते.

मुलांच्या शाळेसाठी वाट पाहू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून आणि कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जिल्ह्यात सरकारी मराठी शाळा आहेत. मूल मराठी माध्यमात शिकत असेल तर जवळच्या मराठी शाळेचाच आग्रह धरावा, कारण घर सुटलेल्या मुलाची भाषाही त्याच आठवड्यात सुटली तर ते शाळेपासूनच दुरावते.

सहावी पायरी : ज्यांना वेगळा कायदा लागू होतो

घरातील मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या स्त्रीने १८१ किंवा ११२ वर फोन करावा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ नुसार तिने किंवा संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केल्यास निवारागृहाच्या प्रमुखाला तिला जागा द्यावीच लागते. निवाऱ्यात आल्यामुळे सासरच्या घरावरील तिचा राहण्याचा हक्कही जात नाही. कलम १७ तो कायम ठेवते.

मुलांनी बाहेर काढलेले किंवा ‘दवाखान्याला नेतो’ म्हणून आणून बसस्थानकावर सोडलेले वृद्ध आईवडील, हे दुःख आता शहरात आणि गावात सारखेच दिसू लागले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली त्यांनी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. अर्जाला वकील लागत नाही, निर्वाहखर्च महिना १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलांना लिहून दिलेले घर वा शेत कलम २३ खाली परत मिळवता येते. अशा वृद्धांना ‘जाऊ द्या, पोटचीच आहेत’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांनी निदान त्यांना हा कायदा वाचून दाखवावा आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ आहे.

मानसिक आजार असलेल्या बेघर व्यक्तीला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने दिला आहे. दारिद्र्यरेषेचे कार्ड मागता येत नाही. पोलिसांनी अशा व्यक्तीला कोठडीत ठेवायचे नसते, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. एकटे सापडलेले मूल मात्र प्रौढांच्या केंद्रात ठेवू नये. १०९८ वर कळवावे, त्याला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

सातवी पायरी : तक्रार कोठे आणि कोणत्या भाषेत

आधी काळजीवाहक, मग व्यवस्थापक, मग शहरात महापालिका आयुक्त किंवा नगरपालिकेचे मुख्याधिकारी, आणि पूर केंद्र असेल तर तहसीलदार व जिल्हाधिकारी, असा क्रम ठेवावा. राज्य सरकारच्या १९०२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेता येतो. रात्री बाहेर काढले, मारहाण झाली किंवा कोणी आजारी आहे, अशा वेळी क्रम पाळत बसू नये. ११२ किंवा १०८ वर लगेच फोन करावा.

भाषेविषयी आपल्या लोकांच्या मनात धास्ती असते, म्हणून स्पष्ट लिहितो. कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) कारभारात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला देतो. अर्ज मराठीत आहे म्हणून तो परत करता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र त्या अनुच्छेदात नाही, आणि काम लवकर व्हावे असे वाटत असेल तर सोबत कन्नड भाषांतर जोडणे सोयीचे असते. अर्जाचा मसुदा असा ठेवता येईल :

‘प्रति, मा. आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव. मी दि. … पासून … येथील आश्रय केंद्रात राहत असून नोंदवहीत माझा अनुक्रमांक … आहे. दि. … रोजी रात्री … वाजता मला व माझ्यासोबतच्या … जणांना … हे कारण सांगून बाहेर काढण्यात आले. आम्हाला दुसरी जागा दाखवण्यात आली नाही. कृपया आजच्या आज निवाऱ्याची सोय करावी व बाहेर काढण्याचे कारण लेखी कळवावे. हा अर्ज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार मराठीत देत आहे.’

दोन प्रती कराव्यात. एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती स्वतःकडे ठेवावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज टपालाने नोंदणी करून पाठवावा आणि पावती जपावी.

माहिती अधिकाराचा नियम थोडा वेगळा आहे. त्या कायद्याखालील अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, त्यामुळे कन्नड लिहिता येत नसेल तर हिंदीत लिहावा. कर्नाटकाच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्यानेच लिहून घेण्यास साहाय्य करायचे असते. एरवी उत्तरासाठी ३० दिवस असतात, परंतु माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तास. शहरात किती केंद्रे मंजूर आहेत, प्रत्येकाची क्षमता किती, गेल्या वर्षी देखभालीवर किती खर्च झाला, हे तीन प्रश्न पुरतात.

वकिलाची गरज पडली तर १५१०० वर फोन करावा किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, तालुक्याच्या ठिकाणी तालुका समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि पूर किंवा दुष्काळाने ग्रासलेले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. निवारा केंद्रात राहणारा माणूस बहुधा तिच्या आतच असतो.

आठवी पायरी : केंद्र सोडताना

आश्रय केंद्रात राहणारा माणूस भाडेकरू नसतो, परवानगीने राहणारा असतो, आणि म्हणून भाडेकरूसारखे संरक्षण त्याला नसते. तरीही परवानगी काढून घेतल्यास निघण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये सांगितले आहे. सामान रस्त्यावर फेकणे कोणत्याही नियमात बसत नाही.

स्वतःहून निघत असाल तर नोंदवहीत निघण्याची तारीख लिहून घ्यावी, लॉकरमधील वस्तू यादीशी ताडून पाहाव्यात, आणि किती काळ राहिलो याचे पत्र व्यवस्थापकाच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावे. प्रलंबित पूरमदतीच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या अर्जात हे पत्र जोडता येते. ज्या अर्जांवर केंद्राचा पत्ता दिला आहे त्या प्रत्येक कचेरीत नवा पत्ता आणि मोबाईल क्रमांक कळवावा, आणि मतदार यादीतील स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा. नवी जागा मोडली किंवा काम सुटले तर त्याच केंद्रात पुन्हा प्रवेश मागता येतो. जुना अनुक्रमांक तेव्हा सांगावा.